लांबचा नंबर

“काय दिसतं ते विचार. काय केलंस ते विचारू नकोस. एवढं सांभाळलंस की झालं.”

वकीलबाईंचे हे शब्द मनात घोळवत चष्मेवालीने थर्मासमधल्या गरम पाण्यात चष्म्याची काडी बुडवली, दहापर्यंत आकडे म्हटले आणि काडी कानामागे बसेल अशी हलक्या हाताने वाकवली. समोरच्या म्हातारीने चष्मा चढवला, दोरा जिभेवर ओला केला, पहिल्याच फटक्यात सुईत ओवला, आणि अशी काही हसली की दारातल्या पहारेकरणीलाही हसू आवरेना.

“चला, पुढची,” पहारेकरीण म्हणाली.

तुरुंगातल्या बायकांना चष्मे द्यायचे, ही कल्पना वकीलबाईंची. लोकांच्या कपाटांत पडून राहिलेले जुने चष्मे त्यांनी खोक्यांनी गोळा केले, त्यांचे नंबर मोजून द्यायला एक चष्म्यांचं दुकान गाठलं आणि दुकानदाराच्या बायकोलाच उचलून इकडे आणलं. त्याला अकरा वर्षं झाली. वकीलबाई आता नाहीत. संस्था आहे, खोकी आहेत, आणि महिन्यातून दोन मंगळवार वाचनालयाच्या या खोलीत टेबल मांडून बसणारी चष्मेवाली आहे.

न विचारण्याचं व्रत वकीलबाईंना सोपं गेलं असेल. चष्मेवालीला रस्त्यात दोन बायका हळू आवाजात बोलताना दिसल्या तरी तिची चपलेची पट्टी नेमकी तिथेच सुटायची. “हिचं नाक चष्मा ठेवायला कमी आणि खुपसायला जास्त,” असं तिचा नवरा गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा. म्हणून तिने स्वतःला एक नेम घालून घेतला होता. सकाळची प्रार्थना झाली की ठरवायचं, आज एक तरी प्रश्न गिळायचा. इतर दिवशी एकावर भागायचं. मंगळवारी मात्र पोट भरायचं.

पुढची बाई खुर्चीवर येऊन बसली. चाळिशीची असावी. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे जुने डाग होते.

“ही इस्त्रीघरातली,” पहारेकरणीने सांगितलं. “बोलते कमी.”

चष्मेवालीने फॉर्म पुढे ओढला. “वाचायला हवाय की शिवायला?”

“दोन्ही नको. जवळचं दिसतं मला.”

“मग?”

“लांबचा पाहिजे.”

चष्मेवालीचं पेन थांबलं. फॉर्मवर दोनच रकाने होते, वाचन आणि शिवण. अकरा वर्षांत तिसरा कधी लागलाच नव्हता. आत लांबचं असं काय असतं? बराकीची भिंत, अंगणापलीकडची भिंत, आणि तिच्यापलीकडची सगळ्यांत उंच भिंत. वकीलबाईंना सुचलं नव्हतं आणि तिलाही नाही. लांबचे चष्मे निघाले की ती ते वेगळे काढून दुसऱ्या संस्थेला देऊन टाकायची. इतकी वर्षं, इतके चष्मे! तिला स्वतःचीच जरा लाज वाटली.

“आधी कधी होता?”

“होता. त्या दिवशी फुटला.”

कोणत्या दिवशी, हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. चष्मेवालीने ओठ मिटले आणि अक्षरांचा तक्ता उचलला.

खोली फारच आखूड होती. लांबचा नंबर काढायचा तर बाहेरच्या लांबलचक बोळातच काढावा लागणार होता. पहारेकरणीने कुरकुर केली, हे नियमात बसतं का म्हणून वरिष्ठांना विचारून आली, आणि शेवटी तिनेच तक्ता हातात धरून बोळाच्या टोकाला उभं राहायचं ठरलं.

“हलू नका हं,” चष्मेवाली ओरडली.

“मी हलत नाहीये. मला शिंक येतेय.”

“मग शिंकून घ्या एकदा.”

नंबर तपासायच्या वजनदार गोल चौकटीत एकामागून एक काचा सरकत गेल्या. आता बरं की आधीचं बरं? आता? आणि हे? इस्त्रीवाली घाई करत नव्हती. प्रत्येक काचेला थोडा वेळ थांबून, विचार करून उत्तर देत होती. शेवटची ओळ तिने वाचली तेव्हा पहारेकरणीने तक्ता उलटा करून स्वतः पाहिला आणि मान डोलावली.

“उजवा सव्वातीन, डावा पावणेतीन,” चष्मेवालीने लिहून घेतलं. “एवढ्या नंबरवर तुम्ही विनाचष्म्याच्या कशा राहिलात हो?”

“इस्त्री हाताशीच असते.”

“मग आता लांबचं काय दिसायला हवंय?” हा प्रश्न विचारायला परवानगी होती. हा वकीलबाईंचाच प्रश्न होता.

इस्त्रीवालीने आधी बोळाच्या टोकाकडे पाहिलं. पहारेकरीण तक्त्याची गुंडाळी करण्यात गुंतली होती.

“इस्त्रीघर वरच्या मजल्यावर आहे,” ती म्हणाली. “खिडकीतून मोठी भिंत ओलांडून रस्त्यापलीकडचं दिसतं. तिथे गाड्या लावायची चार मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर दर गुरुवारी चार वाजता माझी मुलगी येते. पिवळी छत्री घेऊन.”

“आत भेटायला नाही येत?”

सुटलाच तोंडून. चष्मेवालीने जीभ चावली. पण इस्त्रीवालीला राग आला नाही.

“आत येणार नाही म्हणाली. लांबून दिसेन म्हणाली. तसं ठरलं. तेरा वर्षांची होती.” ती चौकट डोळ्यांवरून काढायला तयार नव्हती; दोन्ही हातांनी धरून बसली होती. “मला छत्री दिसते, म्हणजे पिवळा ठिपका. खाली काहीतरी उभं असल्यासारखं. दोन वर्षं झाली, ताई. या वयात मुली भराभर वाढतात ना? किती उंच झाली असेल तेवढं मला बघायचंय. हल्ली मला ती जराशी वाकून उभी राहिल्यासारखी वाटते. पुस्तकांचं ओझं असेल.”

“खोक्यात तुमचा नंबर नाही मिळायचा,” चष्मेवाली म्हणाली. “नव्या काचा घालून देते. दोन आठवड्यांनी मंगळवारी, माझ्या हाताने.”

“नक्की?”

“शब्द दिला.”

चौकट परत देताना इस्त्रीवालीने तिच्या काचा पदराने पुसल्या.

गुरुवारी दुपारी चष्मेवालीने नवऱ्याला सांगितलं, जरा बाहेर जाऊन येते.

“कुठे?”

“इथेच.”

“म्हणजे लांब,” तो म्हणाला आणि स्क्रू पिळू लागला.

संस्थेचा दुसरा नियम साधा होता. आतल्या बाईच्या घरच्यांकडे जायचं नाही, निरोप न्यायचा नाही, आणायचा नाही. चष्मेवालीने बसमध्ये स्वतःची पुष्कळ समजूत घातली. आपण कुणाच्या घरी चाललेलो नाही. गाड्या लावायच्या इमारतीत कुणीही जाऊ शकतं. चष्मा करणाऱ्या माणसाला अंतर माहीत असायला हवं, खिडकीपासून गच्ची किती, उजेड कुठून येतो. हे सगळं खरंच होतं. आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. कशी असेल ती मुलगी? आईसारखी कमी बोलणारी? दर गुरुवारी न चुकता येते, म्हणजे जिवाची असणार. मग आत का जात नाही?

लिफ्ट बंद होती. चार जिने चढून ती वर पोचली तेव्हा चारला सात मिनिटं होती. गच्चीवर दोन धुळकट गाड्या होत्या आणि कोपऱ्यातल्या खांबाच्या सावलीत एक म्हातारी उभी होती. सत्तरीपुढची, किरकोळ बांध्याची, पाठीत वाकलेली. हातात बंद केलेली छत्री. शाळेच्या मुली वापरतात तशी, काठाला झालर असलेली, पिवळी.

चष्मेवाली गाडीआड थबकली. मुलीला सोडायला आजी आली असेल, ती जिन्यात असेल, येईल, असं तिने मनाशी म्हटलं. चार वाजले. म्हातारी कठड्यापाशी गेली, छत्री उघडली, आणि छत्रीच्या कडेने तोंड झाकून घेऊन शक्य तेवढी ताठ उभी राहिली. दोनच मिनिटं. मग पाठ पुन्हा वाकली.

समोर रस्ता, रस्त्यापलीकडे भिंत, भिंतीवरून डोकावणारा तुरुंगाचा वरचा मजला. एका खिडकीच्या गजांमागे काहीतरी पांढरं वर गेलं, खाली आलं. चादर असावी. पुन्हा वर गेलं.

पाच मिनिटांनी म्हातारीने छत्री मिटली आणि वळली, तेव्हा चष्मेवालीला लपायला वेळ मिळाला नाही.

“गाडी शोधताय का?” म्हातारीने विचारलं.

“नाही.” खोटं बोलायला एवढी चांगली संधी आयती चालून आली होती, पण जमेना. “मी तिकडे चष्मे देते. आतल्या बायकांना. तुमच्या...” पुढचं नातं तिला माहीत नव्हतं.

“सून,” म्हातारी म्हणाली. मग गाडीच्या बॉनेटला टेकली. “तिने पाठवलं?”

“नाही, मावशी. तिला ठाऊक नाही. मला इथे यायची मुभाही नाही. माझा स्वभावच मेला असा आहे.”

हे ऐकून म्हातारीच्या तोंडावर जरासं काहीतरी हललं. “माझ्या बहिणीचा असाच होता. गल्लीतली सगळी लग्नं तिला आधी कळायची.”

“मुलगी कुठे आहे?”

“वसतिगृहात. यायची ती, चार महिने आली. मग एके दिवशी दारातच छत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आजी, मी नाही येणार आता. फरफटत का आणायची? मी छत्री कोपऱ्यात ठेवली. गुरुवार आला. साडेतीन वाजले, पावणेचार वाजले. ती तिकडे खिडकीत उभी असेल, हे काही डोक्यातून जाईना. म्हटलं आजच्या दिवस जाऊन येते.” तिने छत्रीची झालर सारखी केली. “त्या आजच्या दिवसाला दीड वर्ष झालं.”

“तुम्ही... सुनेसाठी?”

“माझा मुलगा गेला आणि सून आत गेली, ते एकाच दिवशी. तुम्हाला माहीतच असेल. त्या दिवशी सकाळी—”

“नको,” चष्मेवाली म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. अकरा वर्षं जे गिळलं त्याचं उत्तर समोरून ताटात वाढून येत होतं, आणि हात आपोआप आडवा झाला होता.

“मला सांगू नका, मावशी. मी तिचे डोळे तपासलेत. पुन्हा तपासायचे आहेत.”

म्हातारीने मान हलवली. तिला ते पटलं असावं. “मी का येते ते मलाही धड सांगता यायचं नाही,” ती म्हणाली. “माया आहे म्हणावं तर तसं नाही. माफ केलंय म्हणावं तर तेही नाही. पण ती बघत असते. कुणी बघत असताना रिकामी गच्ची ठेवायची, हे माझ्याच्याने होत नाही.”

चष्मेवालीने चष्म्याचं सांगितलं. नंबर केवढा, काचा कधी होणार, तिला काय बघायचंय. मुलगी किती उंच झाली, हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

म्हातारी ऐकून घेत राहिली. मग अगदी हळू, जणू दुकानात कापडाचा भाव कमी करून मागावा तशी म्हणाली, “थोडा कमी नाही का करता येणार? नंबर? म्हणजे बरं दिसेल, पण इतकं नाही.”

“मी तिला शब्द दिलाय.”

“हं.”

“मावशी, तुमच्याजवळ मधला एकच गुरुवार आहे. त्याच्या पुढच्याला तिला दिसणार.”

जिने उतरताना म्हातारी प्रत्येक पायरीवर आधी पाऊल चाचपून मग टेकवत होती. चष्मेवाली तिच्या एक पायरी पुढे, हात धरून. खाली पोचल्यावर तिने दुकानाचा पत्ता लिहिलेलं कार्ड दिलं. कशासाठी दिलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काचा आठवड्याने आल्या. कंपनीने चुकून दोन जोड पाठवले होते, एक बरोबर नंबरचा आणि एक दोन्ही डोळ्यांना अर्धा नंबर कमी असलेला. चष्मेवालीने दोन्हींतली एकेक काच बोटांत धरून उजेडाकडे केली. अर्ध्या नंबरचा फरक. कमी नंबरचा जोड घातला तर इस्त्रीवालीला रस्ता दिसेल, कठडा दिसेल, छत्री छत्रीसारखी दिसेल, आणि छत्रीखालचं माणूस मात्र धूसरच राहील. जगात कुणालाही कळलं नसतं. इस्त्रीवालीला तर कधीच नाही. तिने हात जोडून आभारच मानले असते.

नवरा शेजारच्या टेबलावर काडी जोडत होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं. “काय ग, काचांशी बोलतेस का?”

“अहो, माणसाला किती दिसावं हे आपण ठरवायचं असतं का?”

“आपण चष्मेवाले. आपण नंबर लिहिलेला असतो तेवढं घालतो.” तो पुन्हा काडीकडे वळला. मग थांबून म्हणाला, “का? कुणी कमी मागितलं?”

सव्वातीनची काच यंत्रावर चढवून ती कडा घासायला बसली. काच बसल्यावर नंबर एकदा मोजला. मग पुन्हा मोजला.

सोमवारी दुपारी दुकानाचं दार लोटून म्हातारी आत आली. छत्री नव्हती. घामाने चेहरा लाल झाला होता, आणि पाणी दिल्यावर तिने ते एका दमात संपवलं.

“वसतिगृहात जाऊन आले,” ती म्हणाली. “तीन तास बस.”

“काय म्हणाली नात?”

“सगळं सांगितलं. मीच उभी राहते हे तिलाही ठाऊक नव्हतं. आधी चिडली. मला विचारलं, तुला काय गरज पडली होती? मग रडली. मग जेवली. निघताना म्हणाली, बघू.”

“बघू म्हणजे?”

“आईचाच शब्द आहे तो. तिची आईसुद्धा असंच म्हणायची. पंधरा वर्षं एका घरात राहून मला त्याचा अर्थ लागला नाही.”

चष्मेवालीला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले म्हणून ती खोकली. “आणि नाहीच आली तर?”

“तर मी जाईन. छत्री न घेता.” म्हातारीने पदराने कपाळ पुसलं. “झाकायचं काय आता?”

नवरा उठून आतल्या खोलीत गेला. त्याला एवढं कळायचं.

म्हातारी दुकानातल्या भिंतीकडे पाहत बसली होती. तिथे अक्षरांचा तक्ता टांगलेला होता. पाहता पाहता तिने डोळे बारीक केले, मान पुढे केली, पुन्हा मागे घेतली.

“वरच्या दोन ओळी वाचता येतात,” ती म्हणाली. “तिसरीपासून मुंग्या.”

“मावशी, गच्चीवरून तुम्हाला काय दिसतं?”

“काय दिसणार? पांढरं काहीतरी खालीवर होतं. ती आहे असं धरून चालायचं.” म्हातारीने रिकामा पेला बाजूला सरकवला. “दोन वर्षांत मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. कोर्टात होते तेव्हाही पाहिलं नाही, मान खाली घालून बसले होते. गुरुवारी ती मला बघणार. मग म्हटलं, मलाही बघू दे. बघितल्यावर राग येतो की काय येतं ते तरी कळेल.”

ती उठली, आणि कुणी न सांगता तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसली.

“काढा माझा नंबर. लांबचा.”

चष्मेवालीने दिवा लावला आणि गोल चौकट म्हातारीच्या नाकावर बसवली. नाक सडपातळ होतं, चौकट घसरत होती. तिने ती बोटाने सावरली आणि पहिली काच सरकवली.

“आता बरं, की आधीचं बरं?”

“थांबा,” म्हातारी म्हणाली. “घाई करू नका.”

मंगळवारी सकाळी चष्मेवाली नेहमीपेक्षा लवकर आवरून तयार झाली. प्रार्थनेला बसली तेव्हा कोणता प्रश्न गिळायचा ते ठरवायचं राहूनच गेलं. टेबलावर म्हातारीचा चष्मा अर्धा झाला होता. उद्या संध्याकाळपर्यंत तो न्यायला ती येणार होती. इस्त्रीवालीचा चष्मा डबीत बंद होता.

नवरा दुकानाचं शटर वर करत होता. “अगं,” तो म्हणाला, “काय केलं होतं तिने? कळलं का शेवटी?”

“नाही.”

“विचारावंसंही वाटलं नाही?”

“वाटलं की.” तिने डबी उघडली, चष्मा उजेडात धरून काचांवर बोटाचा ठसा राहिलाय का ते पाहिलं, मऊ फडक्याने एकदा पुसला आणि डबी पुन्हा बंद केली. “दुपारी जेवून घ्या. माझी वाट बघू नका.”

“खोकं विसरलीस.”

“आज एकच द्यायचाय,” ती म्हणाली. डबी पिशवीत उभी ठेवून, दुसऱ्या हाताने पिशवी अंगाशी धरून, ती दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागली.